पावसातला मुक्काम

चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्वेकडील वनजिल्हे आहेत. पूर्वी हा एकच जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. येथील पावसाळा जितका सुंदर तितकाच कठोर असतो. अशा पावसात आपल्या कुटुंबाने केलेल्या मुक्कामाचा अनुभव लेखिकेने या पाठात सांगितला आहे. जंगलाच्या शेजारी राहणाऱ्या माणसांचे ज्ञान किती मोलाचे असते, हे या पाठातून कळते.

'मुक्काम' हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूतला 'मुकाम' मराठीत 'मुक्काम' झाला. पाऊस आणणाऱ्या वाऱ्यांना आपण 'मोसमी वारे' म्हणतो. त्यातला 'मोसम' म्हणजे तुमच्या ओळखीचा 'मौसम'च. हे दोन्ही शब्द अरबीतून आले आणि मराठीच्या घरात राहून गेले. आज मी तुम्हांला आमच्या घरच्या अशाच एका पावसाळी मुक्कामाची हकीकत सांगणार आहे.

त्या वर्षी १५ ऑगस्ट शुक्रवारी आला होता. शनिवारी मी रजा घेतली. रविवारची सुट्टी होतीच. घरात मुलांचा एकच हट्ट चालला होता, "आपण तंबूत राहायला जाऊ या!" आमच्या शाळेच्या गाइड पथकाकडे एक जुना कापडी तंबू होता. मुख्याध्यापिकांची परवानगी घेऊन तो मी मागून आणला.

मुलांना ताडोबाला जायचे होते. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. परंतु जुलै ते सप्टेंबर या काळात तेथील गाभा क्षेत्र पर्यटकांसाठी बंद असते. मुले हिरमुसली. तेव्हा माझे सासरे, ज्यांना आम्ही अब्बा म्हणतो, ते म्हणाले, "माझ्या जुन्या दोस्ताचे गाव मूल तालुक्यात आहे. जंगल अगदी गावाला लागून. तिथेच जाऊ या."

अब्बा आणि त्यांचे हे मित्र पूर्वी बल्लारशाहच्या लाकूड आगारात एकत्र काम करत. निवृत्तीनंतर ते आपल्या गावी धानाची शेती करू लागले होते. आम्ही त्यांना काका म्हणत असू.

शुक्रवारी झेंडावंदन आटोपून आम्ही निघालो. अब्बा, अम्मी, माझे पती, दोन मुले आणि मी. सामान बांधण्याचे काम माझ्याकडे होते. अम्मींना रक्तदाबाचा त्रास आहे. त्यांना रोज सकाळी एक गोळी घ्यावी लागते. मी शनिवारची आणि रविवारची अशा दोनच गोळ्या पाकिटातून कापून घेतल्या. रविवारी संध्याकाळी तर आपण घरी परत येणार, मग जास्त कशाला, असा मी विचार केला. ही माझी पहिली चूक.

चंद्रपूरहून मूलकडे जाणारा रस्ता जंगलातून जातो. दोन्ही बाजूंना साग, ऐन, मोह आणि बांबू पावसाने न्हाऊन निघाले होते. जंगल संपले की हिरव्यागार बांध्या दिसू लागतात. धानाच्या पाणी भरलेल्या शेताला इकडे 'बांधी' म्हणतात. रोवणी नुकतीच संपली होती. मध्येच एखादा जुना तलाव लागे. मालगुजारांच्या काळातले असे शेकडो तलाव पूर्व विदर्भात आहेत. लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. 'मा' म्हणजे माजी आणि दुसरा 'मा' म्हणजे मालगुजारी, हे कळल्यावर मुलांना मोठी गंमत वाटली.

गावाच्या अलीकडे एक नाला होता. त्यावर पूल नव्हता, दगड-सिमेंटचा एक ठेंगणा रपटा होता. नाल्यात घोटाभर स्वच्छ पाणी खळखळत होते. नाल्याच्या काठी मऊ गवत होते आणि एक उंच मोहाचे झाड एकटेच उभे होते. मुलांनी गाडीतूनच ओरडून सांगितले, "हीच आपली जागा!" मलाही ती जागा फार आवडली. काकांच्या घरी चहा घेऊन आम्ही तंबू उचलला आणि नाल्याकडे निघालो.

काका आमच्या मागून आले. काही न बोलता त्यांनी हातातल्या काठीने जवळच्या करंजाच्या झुडपाकडे बोट दाखवले. झुडपाच्या फांद्यांत वाळलेले गवत, काटक्या आणि एक फाटकी पिशवी अडकली होती. ती माझ्या खांद्याच्या उंचीवर होती.

"सूनबाई, हे गवत इतक्या उंच कोणी ठेवले असेल?" त्यांनी विचारले.

माझ्या मुलीने क्षणभर विचार केला. मग ती हळूच म्हणाली, "पाण्याने!"

"बरोबर. मागच्या महिन्यात नाला इथपर्यंत आला होता. आज तो घोटाभर आहे, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवू नका. हे मोहाचे झाड सावली देते, पण वीज पडली तर ती अशाच एकट्या उंच झाडावर पडते. शिवाय अंधार पडल्यावर या बाजूला वाघ पाण्यावर येतो. तंबू माझ्या अंगणात लावा."

मी गाइड पथकाची शिक्षिका. तंबू कसा लावावा हे मी दरवर्षी मुलींना शिकवते. पण त्या झुडपातले गवत मला दिसले नव्हते.

काकांच्या अंगणाला बांबूचे उंच कुंपण होते. अंगणाच्या चढावरच्या भागात आम्ही तंबू उभारला. पाणी आत येऊ नये म्हणून चारही बाजूंनी वीतभर खोल चर खणला आणि त्याचे तोंड उताराकडे काढले. तंबूच्या दोऱ्या सुती होत्या. काकांनी त्या थोड्या सैल करायला लावल्या. सुती दोर भिजला की आखडतो आणि ताण वाढून खुंट्या उपटतात. आत जमिनीवर न झोपता बाजा टाकल्या आणि मच्छरदाण्या बांधल्या. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते, म्हणून साप कोरड्या जागेच्या शोधात घराकडे येतात. मण्यारसारखा विषारी साप रात्रीच फिरतो. डासांपासून मलेरियाचीही भीती असते.

शनिवार फार आनंदात गेला. काकूंनी बांबूच्या कोवळ्या कोंबांची, म्हणजे वास्त्यांची भाजी आणि नव्या चुलीवरचा गरम भात वाढला. मुले काकांबरोबर बांध्यांच्या धुऱ्यांवरून हिंडली. संध्याकाळी पाऊस सुरू झाला आणि आम्ही सारे तंबूत शिरलो. कापडावर पावसाचा ताशा वाजू लागला. मुलाने सहज वरच्या ओल्या कापडाला बोट लावले, तर तेथूनच टपटप पाणी गळू लागले! भिजलेल्या सुती कापडाला आतून स्पर्श केला की पाण्याला वाट मिळते. अम्मी हसून म्हणाल्या, "जिथे बोट नको, तिथेच तुझे बोट!"

एवढ्यात वीज चमकली. मुलगी सेकंद मोजू लागली. बाराव्या सेकंदाला गडगडाट ऐकू आला. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटर जायला त्याला साधारण तीन सेकंद लागतात. याचा अर्थ वीज आमच्यापासून चार किलोमीटरवर होती. काकांनी पडवीतून हाक मारली, "सगळे घरात या!" मुलांना तंबू सोडवेना. पण तंबू पाऊस अडवतो, वीज अडवत नाही. वीज आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल, तर पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नये, असा नियम आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाचे मोबाइल अ‍ॅप तयार केले आहे. त्यावर जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना मिळते. पण त्या रात्री गावात मोबाइलला रेंजच नव्हती. आमचे अ‍ॅप म्हणजे काका!

रात्री कंदिलाच्या उजेडात काका बोलत बसले. त्यांची मुलगी गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात दिली आहे. ते म्हणाले, "इथला नाला एक दिवस अडवतो. तिकडे पर्लकोटा नदी पुलावर चढली, की भामरागड अनेक दिवस जगापासून तुटते. म्हणून तिकडची माणसे पावसाळ्याआधीच तांदूळ, मीठ, तेल भरून ठेवतात. बाळंतपण जवळ आलेल्या बाईला आधीच दवाखान्याच्या गावी नेतात." त्याच तालुक्यातील हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना चालवला, हे मी मुलांना सांगितले. 'आधीच भरून ठेवतात' हे काकांचे शब्द मात्र माझ्या मनाला टोचले. मला पाकिटातून कापलेल्या दोन गोळ्या आठवल्या.

रविवारी सकाळी लख्ख ऊन पडले. आम्ही तंबू सोडला, सामान गाडीत भरले आणि नाल्याशी आलो. पाहतो तर काय! घोटाभर नाल्याची नदी झाली होती. गढूळ पाणी रपट्यावरून फेसाळत चालले होते. ज्या गवतावर आम्हांला तंबू लावायचा होता ते दिसतच नव्हते. मोहाचे झाड पाण्यात उभे होते. मुलगी माझा हात घट्ट धरून म्हणाली, "अम्मी, आपण इथे झोपणार होतो."

"पण पाऊस तर रात्रीच थांबला!" माझे पती म्हणाले.

"इथला थांबला. वर डोंगरात पडला, त्याचे पाणी आता येते आहे," काका म्हणाले.

नाल्याचे हेच वैशिष्ट्य आहे. आपल्या डोक्यावर ऊन असते आणि पायांशी दुसऱ्या ठिकाणचा पूर येतो. मोठ्या नद्यांचेही असेच होते. वैनगंगा मध्य प्रदेशातून येते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस तिकडे अतिवृष्टी झाली. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणातून फार मोठ्या प्रमाणात पाणी सोडावे लागले. त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी तालुक्यात आणि गडचिरोली जिल्ह्यात अनेक गावांत पाणी शिरले.

आम्ही उभे होतो, तेवढ्यात एक जीप आली. चालकाने क्षणभर थांबून पाहिले आणि जीप पाण्यात घातली. चाके अर्धी बुडाली. जीप एकदा एका बाजूला सरकली, पण पलीकडे निघाली. माझे पती माझ्याकडे पाहू लागले. मला ठाऊक आहे, आम्ही दोघे एकच विचार करत होतो. अम्मींची शेवटची गोळी सकाळीच संपली होती. सोमवारी माझी शाळा होती. जीप गेली, मग आपली गाडी का जाणार नाही?

"हळूहळू जाऊ या का?" मीच विचारले. ही माझी दुसरी चूक.

काकांनी उत्तर दिले नाही. त्यांनी एक वाळकी काठी घेतली आणि जिथे पाणी संपत होते, अगदी त्या ठिकाणी जमिनीत रोवली. मग ते दगडावर बसले. "अर्धा तास या काठीकडे पाहा. पाणी काठीपासून मागे गेले, तर नाला उतरतो आहे. पुढे आले, तर चढतो आहे. मग मला विचारा."

मुलगा घड्याळ घेऊन बसला. अर्ध्या तासाने काठी एक वीत पाण्यात होती. नाला चढत होता.

मुलांनो, वाहते पाणी दिसते त्यापेक्षा फार बलवान असते. घोट्याच्या वर चढलेले वेगवान पाणी मोठ्या माणसालाही पाडू शकते. सुमारे ३० सेंटीमीटर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते आणि ६० सेंटीमीटर वाहते पाणी बहुतेक मोटारींना ओढून नेते. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही.

"काका, पण अम्मींची गोळी?" मी विचारले. माझा आवाज कापत होता.

"गोळी नाल्याच्या पलीकडेच मिळते, असे कोणी सांगितले?" काका उठले. त्यांनी गावातल्या आशाताईंना बोलावले. आशाताईंनी अम्मींना आरोग्य उपकेंद्रात नेले. तेथील परिचारिकेने रक्तदाब मोजला, रिकाम्या पाकिटावरचे औषधाचे नाव वाचले, फोनवरून डॉक्टरांचा सल्ला घेतला आणि त्याच औषधाच्या पाच गोळ्या दिल्या. ज्या गोळीसाठी मी सहा जीव पाण्यात घालायला निघाले होते, ती गोळी हाकेच्या अंतरावर होती. मी फक्त विचारले नव्हते.

उपकेंद्राच्या फोनवरून मी मुख्याध्यापिकांना कळवले. त्या एवढेच म्हणाल्या, "सुखरूप या. वर्ग मी पाहीन."

आम्ही पुन्हा तंबू लावला. मुलाने वहीत रकाने आखले आणि दर तासाला काठीची नोंद ठेवली. दुपारी दोन वाजता पाणी थांबले. संध्याकाळी ते काठीपासून एक हात मागे गेले. सोमवारी सकाळी रपटा उघडा पडला.

मी गाडीकडे वळले, तर काका म्हणाले, "आधी मी चालून पाहतो." ते रपट्यावर गेले आणि मध्येच थांबले. त्यांनी हात वर केला. आम्ही जाऊन पाहिले. रपट्याच्या मधोमध गाडीचे चाक मावेल एवढे भगदाड पडले होते. खालची माती वाहून गेली होती. ते भगदाड जीप गेल्यानंतर पडले की आधीच पडू लागले होते, हे कोणालाच सांगता आले नसते. गढूळ पाण्याखाली ते दिसले नसते, एवढे मात्र खरे. माझे पती बराच वेळ खाली पाहत राहिले. अब्बांनी आपल्या दोस्ताचा हात हातात घेतला. कोणी काही बोलले नाही.

गावातल्या तरुणांनी दगड आणि मुरूम टाकून भगदाड भरले. आमची मुलेही दगड वाहत होती. दुपारी आम्ही गाडीतून उतरून रपटा पायी ओलांडला आणि मग माझ्या पतींनी रिकामी गाडी हळूहळू पलीकडे आणली.

मंगळवारी मी शाळेत गेले. हजेरीपुस्तकात माझ्या नावापुढे सोमवारची एक रजा मांडली होती. त्या वर्षीची ती एकच जादा रजा. पुढच्या आठवड्यात गाइड पथकाच्या मुलींना तंबू शिकवताना मी खुंट्या आणि दोऱ्या बाजूला ठेवल्या. त्यांना शाळेमागच्या ओढ्यावर नेले आणि विचारले, "त्या झुडपात गवत किती उंचीवर अडकले आहे, ते सांगा पाहू."

शब्दार्थ

हकीकत – घडलेली गोष्ट. आगार – माल साठवण्याची जागा. बांधी – धानाचे बांध घातलेले शेत. रोवणी – धानाची रोपे लावण्याचे काम. धुरा – शेताचा बांध. रपटा – नाल्यावरचा ठेंगणा, पाणी वरून जाऊ शकेल असा रस्ता. चर – पाणी वाहून जाण्यासाठी खणलेली लांब खाच. बाज – दोरीने विणलेली खाट. पडवी – घरापुढची छप्पर असलेली जागा. गढूळ – माती मिसळलेले. भगदाड – मोठे भोक. मुरूम – रस्त्यावर टाकतात ती खडेमाती. सुखरूप – सलामत, सुरक्षित.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा केव्हा झाला?
(आ) 'मामा तलाव' या नावाचा अर्थ काय?
(इ) काकांनी काठी कोठे रोवली?
(ई) रपट्याच्या मधोमध काय झाले होते?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नाल्याकाठी तंबू लावू नये याची काकांनी कोणती तीन कारणे सांगितली?
(आ) गावात पाऊस थांबला असूनही नाल्याला पूर का आला?
(इ) लेखिकेने आपल्या कोणत्या दोन चुका सांगितल्या आहेत?

३. कोण कोणास म्हणाले ते लिहा.
(अ) "हे गवत इतक्या उंच कोणी ठेवले असेल?"
(आ) "जिथे बोट नको, तिथेच तुझे बोट!"
(इ) "सुखरूप या. वर्ग मी पाहीन."

४. वीज चमकल्यानंतर नऊ सेकंदांनी गडगडाट ऐकू आला, तर वीज साधारण किती अंतरावर असेल? अशा वेळी तुम्ही काय कराल?

५. पुढील शब्द उर्दूतही आढळतात. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
मुक्काम, सामान, रस्ता, जमीन, हकीकत.

६. विचार करा व लिहा.
जीप सुखरूप पलीकडे गेली. मग तिच्या चालकाचा निर्णय योग्य होता, असे म्हणता येईल काय? तुमचे मत पाच-सहा ओळींत लिहा.

७. उपक्रम
तुमच्या गावातील किंवा मोहल्ल्यातील वयस्कर व्यक्तींना भेटा. पूर्वी आलेल्या पुराचे पाणी कोठपर्यंत चढले होते, ते त्यांना विचारा व वहीत नोंद करा.